आपली जागा

४ जानेवारी

खडू,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला लिहायचं तर सुरुवात आशीर्वादाने करावी लागते, म्हणून लिहिले. पत्र संपेपर्यंत ते टिकतील याची हमी नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा फोन तुझ्या ऑफिसातली मुलगी उचलते आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणते. तू त्या मीटिंगमधून कधी बाहेर येतोस ते देव जाणे. आणि तू आखून आम्हाला दिलेल्या घरात फोनवर एक शब्द बोललं की तो खालच्या स्वयंपाकघरात, जिन्यात आणि वरच्या खोलीत एकदमच ऐकू जातो. पत्राचा आवाज होत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मधल्या जागेत आईसाठी खोली बांधायची आहे. आई बांधू देत नाही. तू तिला एवढंच सांग की, "आई, बांधा." एका वाक्याचं काम आहे. ते तिला तुझ्याच तोंडून हवं आहे.

तू भाषणांत आमचं घर फार सुंदर सांगतोस असं माझी पोरगी म्हणत होती. तिने मोबाइलवर पाहिलं. तेच घर मी माझ्या तोंडाने सांगते, दोन्ही एकच आहेत का बघ. खाली स्वयंपाकघर आणि संडास-मोरी, वर एक खोली, दोघांच्या मधे शिडीसारखा उभा जिना. त्याला लागून तेवढ्याच रुंदीची रिकामी जागा. तिच्या एका अंगाला आमची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची, डोक्यावर स्लॅब, पुढून-मागून उघडी. सरकारच्या पैशांत अर्धंच घर बसत होतं, तर अवघड अर्धं आपण बांधून द्यायचं आणि सोपं अर्धं ज्याने त्याने गरजेप्रमाणे बांधायचं, असा तुझा हिशोब. भिंतीत दाराएवढा भाग मुद्दाम कच्च्या विटांनी भरलेला, फोडला की दार तयार.

लोकांनी बांधलं रे. शेजारच्या सलूनवाल्याने त्याच्या जागेत सलून काढलं. शिकवणीवाल्या बाईंनी वर्ग काढला, पलीकडच्या ड्रायव्हरने लेकाचा संसार थाटून दिला. आता गल्लीच्या टोकाला उभं राहून पाहिलं तर सगळी रांग भरलेली आणि आमच्याच घराशी दात पडल्यासारखं दिसतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. विटा तुझ्या दाजींनी गेल्या वर्षीच आणून मागे रचल्या आहेत, तेव्हा पैशाचं नाव काढू नकोस.

आई समोर बसली आहे. काय लिहितेस म्हणून विचारलं. त्याची खुशाली विचारते आहे म्हटलं. "मग मी बरी आहे म्हणून लिही," म्हणाली. तर आई बरी आहे.

तुझी,
ताई


२२ जानेवारी

खडू,

उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तरी आणखी एक तांब्या ओतते.

आई बरी आहे हे खोटं होतं. ती जिन्यावरून पडली. गेल्या पत्राच्या आधीच पडली होती आणि ते कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. आज ती मोडते. खुब्याचं ऑपरेशन झालं. चालेल हळूहळू, पण जिना कायमचा बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती आता स्वयंपाकघरात असते, गॅस आणि माझं शिलाई मशिन यांच्या मधे. मी शिवायला बसले की तिने पाय आखडायचे, तिने पाय लांब केले की मी काम थांबवायचं. दाजी डेपोतून रात्रपाळी करून येतात आणि दिवसा वर झोपतात, पोरीला तेव्हा वर अभ्यास करता येत नाही, म्हणून तीही खालीच. आम्ही एकमेकींना ओलांडून जगतो. आईला मोरीत न्यायचं तर पोरीने आधी दाराबाहेर जाऊन उभं राहायचं.

आणि भिंतीच्या पलीकडे अख्खी खोली रिकामी पडली आहे.

आता आई का बांधू देत नाही ते ऐक. तू कदाचित हसशील, पण आधी आठवून बघ. जुनी वस्ती पाडायच्या आधी तू सभा घ्यायचास. मैदानात खडूने खरोखरीच्या मापाचं घर आखलंस (तेव्हापासूनच मी तुला खडू म्हणते) आणि बायकांना म्हणालास, यात स्वयंपाक करून दाखवा. आम्ही हवेत भाकऱ्या थापाव्यात तशा उभ्या! सलूनवाला त्या खडूच्या खोलीत आडवा पडला आणि पाय बाहेर येतात म्हणून भांडला, तेव्हा तू खरंच खोली लांबवलीस. दारातून चूल दिसते म्हणून आईने सगळ्यांदेखत तुझे कान उपटले आणि तू स्वयंपाकघर मागे नेलंस. तेव्हा तू आमचा होतास, हे मला म्हणायलाच हवं. मला तुझा इतका अभिमान वाटायचा की मी मैदानात तुझ्याकडे बघायचंच टाळायचे.

त्या सभेत शेवटी तू त्या रिकाम्या चौकोनात उभा राहिलास आणि म्हणालास, "आणि ही मधली जागा आपली."

तू कॉलेजातून मोठी अदबीची भाषा शिकून आला होतास. सभेला "आपण बसावं", "आपलं म्हणणं काय" असं बोलायचास. तुझ्या मनात होतं, आपली म्हणजे मायबापहो, तुमची, ज्याची त्याची. सलूनवाल्याने ऐकलं, आपली म्हणजे सगळ्यांची; तो आजही आमच्या जागेत टॉवेल वाळत घालतो आणि विचारलं तर म्हणतो, भाऊच म्हणाले होते. आणि आईने काय ऐकलं? तिचा मुलगा तिच्याकडे बघून म्हणाला, आपली. म्हणजे तुझी-माझी. म्हणजे तूही त्यात.

तिने त्या दिवसापासून ती जागा तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. शिक्षण संपेल, कामं संपतील, फिरणं संपेल आणि मुलगा स्वतः आखलेल्या घरात राहायला येईल. तू तसं कधी म्हणाला नाहीस हे मला कळतं. पण नाही असंही कधी म्हणाला नाहीस.

मी खोटं सांगूनही पाहिलं. त्याचा फोन आला होता, बांधा म्हणाला. ती म्हणाली, "मग मला का नाही दिलास?" संपलं.

तेव्हा तूच सांग. येणार असशील तर ये, नसशील तर तसं म्हण. दोन्हींत तिचं भलं आहे. या मधल्या लटकण्यात नाही.

ताई


१८ फेब्रुवारी

आर्किटेक्टसाहेबांस,

सा. न. वि. वि. आम्ही आपल्या वसाहतीतले एक लाभार्थी. आपण उंटावरून शेळ्या हाकता त्यांतली एक शेळी समजावं.

आपली ती जागा सध्या पुढीलप्रमाणे वापरात आहे. सकाळी सलूनचे टॉवेल. दुपारी शिकवणीच्या मुलांच्या सायकली. संध्याकाळी ड्रायव्हर आणि मंडळींचा पत्त्यांचा डाव. मागच्या आठवड्यात कुत्री व्याली, तिची पिल्लंही तिथेच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथे नागोबांची रांग आहे. आई पडायच्या आधी रोज सकाळी ती जागा झाडायची आणि सगळ्यांना हाकलायची. आता ती स्वयंपाकघरातून ओरडते आणि मला झाडू घेऊन पाठवते. मी झाडते. शिलाईची ऑर्डर बाजूला ठेवून मी न येणाऱ्या माणसाची खोली झाडते.

तिने सगळं ठरवलं आहे, माहीत आहे का? आमच्या भिंतीला लागून तुझी खाट. तुझं चित्रं काढायचं टेबल मागच्या बाजूला, कारण लहानपणी तुला डाव्या हाताकडून उजेड लागायचा. सलूनवाल्याची भिंत ओलावते म्हणून तिकडे कपाट नको. हे सगळं मला ती पाय आखडून बसल्या बसल्या सांगते. तिच्या स्वतःच्या खाटेची जागा विचारली तर म्हणते, माझं काय, मी कुठेही पडेन.

सलूनवाला परवा मला म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण भाऊ येणार नाहीत. माझ्या दुकानात बसून जो माणूस घड्याळ बघतो त्याला मी ओळखतो." मी त्याच्यावर डाफरले. माझा भाऊ आहेस, तुला शिव्या द्यायचा हक्क घरातच राहू दे.

इतकं लिहून पत्र टाकायचं राहिलं होतं आणि काल पोरीच्या मोबाइलवर तुझा निरोप आला. "मधली जागा आहे तशीच राहू द्या, काही बांधू नका. पुढच्या महिन्यात येतोय."

पोरीने मोठ्याने वाचला. आईने तो पुन्हा वाचायला लावला. मग तिने काय केलं असेल? रडली नाही, काही नाही. माझ्याकडे बघितलं, बस. बघ, मी म्हणत नव्हते, अशा नजरेने. गेले दोन महिने मी तिच्याशी ज्या खोलीवरून भांडले ती खोली एका ओळीत तिने जिंकली. रात्री भरपूर जेवली. कुत्रीच्या पिल्लांना दुसरीकडे हलव म्हणाली, त्याला त्रास होईल.

खरं सांगू? मलाही वाटलं. तू येशील, आईला बघशील, तिथल्या तिथे शर्टाच्या बाह्या वर करून भिंत फोडशील, असं काहीतरी. दाजी म्हणाले, फार आशा धरू नकोस. त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

वरचं टोचून लिहिलेलं खोडावंसं वाटलं, पण राहू दे. ये लवकर.

ताई


११ मार्च

खडू,

काल तू येऊन गेलास. तू स्वतः इथे होतास, तरी लिहिते, कारण तू कॅमेऱ्याच्या मागे उभा होतास आणि मी पुढे. तिथून तुला काय दिसलं असेल ते मला माहीत आहे. इथून काय दिसलं ते वाच.

आई पहाटेपासून तयार होती. ठेवणीतले कपडे, केस विंचरलेले. तिला जिथे तू राहणार तिथेच तुला भेटायचं होतं. दाजी आणि सलूनवाला दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून मधल्या जागेत आणून बसवलं. मी फरशी पुसली होती. आदल्या दिवशी दाजींनी आमची एक खाट तिथे आणून टाकली होती, तिच्या सांगण्यावरून, आमच्या भिंतीला लागून. तिच्यावर नवी चादर.

तू गाडीतून उतरलास. तुझ्यामागून तो फोटोवाला, तुझ्या कामावर पुस्तक काढणाऱ्या बाई आणि ते दोन परदेशी पाहुणे उतरले. तू आईच्या पाया पडलास, मला ताई म्हणालास, आणि जागेकडे बघून तुझा चेहरा उजळला. मला वाटलं, पोहोचला. मग तू पाहुण्यांकडे वळलास आणि इंग्रजीत बोलू लागलास. पोरीला इंग्रजी कळतं. सगळ्या वसाहतीत एवढंच एक घर पहिल्या दिवशी होतं तसं उरलं आहे, बाकीच्यांनी इतकं बांधलं की मूळ कल्पना दिसतच नाही, असं तू त्यांना सांगत होतास. म्हणजे तुला हवी होती ती रिकामी जागा. आईचं रिकामं ठेवणं तुला फोटोसाठी उपयोगी पडलं.

फोटोवाला म्हणाला, खाट काढा. तुझ्या दाजींनी कुणाकडे न बघता खाट काढली.

तेव्हा आईने तुला विचारलं. ती खुर्चीतच होती, तुझा हात धरून. "अरे, खाट काढली, मग तुझी खाट कुठे टाकायची? तुला उजेड मागून चालेल ना?"

तू हसलास. वाईट हसला नाहीस, लहान मुलाने वेडं काही विचारल्यावर हसतात तसं. म्हणालास, "आई, मी कुठे राहणार इथे? ही जागा तुमची आहे. पहिल्यापासून तुमचीच होती."

"तुमची?" आई म्हणाली.

"हो, तुमची. तुम्हाला हवं ते करा."

तीनच आठवड्यांपूर्वी काही बांधू नका म्हणणारा तूच. पण ते सोड. तू पुढे फोटोवाल्याशी बोलत होतास, म्हणून तुला आईचा चेहरा दिसला नाही. मला दिसला. तिने तुझा हात सोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. फोटोवाला म्हणाला, आजी, इकडे बघा. तिने बघितलं. तो फोटो चांगला आला असणार.

निघताना तू मला बाजूला घेऊन विचारलंस, आईला उचलून का आणलं होतं? मी म्हटलं, पत्रं मिळाली नाहीत का? तू खाली बघून म्हणालास, "मिळाली, ताई. वाचली पण. उत्तर काय द्यावं ते सुचलं नाही."

मी तुझ्यासाठी किती सबबी तयार ठेवल्या होत्या. ऑफिसातल्या मुलीने पत्रं दाबली, पत्ता बदलला, टपाल हरवलं. तू एकही वापरली नाहीस. न वाचता फेकली असतीस तर मी तुला माफ केलं असतं रे. वाचून, आई कुठे आणि कशी झोपते ते समजून, तू काही बांधू नका म्हणून कळवलंस.

आशीर्वाद पहिल्या पत्रातच संपले होते; आज खाली 'ताई'ही लिहिलेलं नाही, बघितलंस ना?


३ मे

खडू,

तू गेल्यावर चार-पाच दिवसांनी एका सकाळी मी मशिनवर बसले होते, तिने पाय आखडले आणि म्हणाली, "दाजींना सांग, फोडा ती भिंत."

तिने मला कधी नव्हे ते दाजींना सांग म्हटलं. आजवर ती त्यांना जावईबापूच म्हणत आली होती. तुझ्याच बोलीत म्हणाली की काय, मला कळलं नाही. मी उठले.

दाजी आणि सलूनवाल्याने पहार घेतली. त्या दाराच्या कच्च्या विटा इतक्या सहज निघाल्या की दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चौकट जशीच्या तशी, भिंतीला तडा नाही. घर तू चांगलं बांधलं आहेस, हे कबूल करते. ते मला जास्त लागलं. तुझं काम वाईट असतं तर तुला नावं ठेवून मोकळी झाले असते.

पुढची भिंत गवंड्याने घातली, मागची दाजींनी रजा काढून घातली आणि ती थोडी पोटात वाकली आहे. खिडकी कुठे हवी ते आईने सांगितलं. टेबलाची म्हणून ठरवली होती त्या जागी नाही, रस्त्याच्या बाजूला. सलूनवाल्याचे टॉवेल गेले, त्याने तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानातला जुना आरसा आणून आईच्या भिंतीला ठोकून दिला. माणूस भांडखोर आहे, पण जवळ आहे.

आई आता तिच्या खोलीत झोपते. मोरीपर्यंत काठी धरून एकटी जाते. पोरगी स्वयंपाकघरात पाय पसरून अभ्यास करते. जे मला हवं होतं ते सगळं झालं. मला वाटलं होतं की झाल्यावर आनंद होईल. आई नवीन खोलीत पहिल्या दिवशी गेली तेव्हा दारात थांबून म्हणाली, केवढी मोठी आहे, आणि मी मशिनकडे परत येऊन तोच टाका तीनदा घातला.

तुझा विषय ती काढत नाही. गल्लीतल्या बायका विचारतात, मुलगा येऊन गेला म्हणे. ती म्हणते, हो, कामाला आला होता.


२६ ऑगस्ट

खडू,

तुझं पुस्तक आलं. जाड आहे, कागद गुळगुळीत आहे. आत आमची गल्ली आहे, जुन्या सभेतलं ते खडूचं घर आहे, सलूनवाला आडवा पडलेला आहे. तो स्वतःला बघून इतका खूश झाला की पुस्तक दिवसभर दुकानात नेऊन प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत होता.

आणि एक अख्खं पान आईचं आहे. मधल्या जागेत खुर्चीवर, हात मांडीवर. मागे उघडी जागा, तिच्यातून मागचा रस्ता दिसतो. फोटो सुंदर आहे. माहीत नसलेल्या माणसाला वाटेल, काय शांत बाई आहे.

खाली इंग्रजीत दोन ओळी आहेत. आई पोरीला म्हणाली, काय लिहिलंय माझ्याबद्दल ते सांग. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली, पण आई आमच्याकडेच बघत होती. पोरीला खोटं बोलता येत नाही, तेवढं ती तुझ्यावर गेलेली नाही. तिने वाचून मराठीत सांगितलं: "शेजाऱ्यांनी आपापल्या जागा भरल्या, पण या आजींनी त्यांची जागा स्वतःच्या मर्जीने मोकळी ठेवली आहे. न बांधण्याचं स्वातंत्र्यही या रचनेत आहे."

मी पुस्तक ओढून घेतलं. मी म्हटलं, मी त्या बाईंना लिहिते, हे पान बदला, हे धादांत खोटं आहे, ही बाई जिन्यावरून पडून स्वयंपाकघरात पाय आखडून झोपत होती ते छापा.

आई म्हणाली, "कशाला? खरंच लिहिलंय की. मीच ठेवली होती."

मी म्हटलं, आई, अगं, कोणासाठी ठेवली होतीस ते?

"ते कशाला लिहील कुणी," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचून घेतलं पोरीकडून. स्वतःच्या मर्जीने, बरोबर. मोकळी ठेवली, बरोबर. एकही शब्द खोटा सापडला नाही. सगळ्या गोरगरिबांना हवं ते करायला जागा ठेवणारा तू, खडू, मला भांडायला मात्र जागाच ठेवली नाहीस.